सत्तावीस येतात, पंचेचाळीस मिळतात

शंभर प्रश्न. प्रत्येकाला चार पर्याय. उत्तर चुकलं तरी गुण कापले जात नाहीत. उत्तीर्ण व्हायला ४५ लागतात. आता सांगा, या परीक्षेत बरोब्बर काठावर पास होणाऱ्याला किती प्रश्नांची उत्तरं खरोखर येत असतात?

पंचेचाळीस, असं कुणीही चटकन म्हणेल. पण हिशेब करून पाहा. समजा त्याला फक्त २७ प्रश्न येतात. उरलेल्या ७३ प्रश्नांवर तो डोळे मिटून एकेक गोल काळा करतो. चारात एक या हिशेबाने त्यातले साधारण १८ बरोबर निघतात. २७ आणि १८, झाले ४५! म्हणजे काठावरच्या गुणपत्रिकेतले अठरा गुण अभ्यासाचे नसतात, पेनाच्या टोकाचे असतात.

ही परीक्षा काल्पनिक नाही. ऑल इंडिया बार एक्झामिनेशन, वकील मंडळींच्या तोंडी ‘एआयबीई’. भारतीय विधिज्ञ परिषदेने, म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाने, २०१०मध्ये ती लागू केली आणि ६ मार्च २०११ला पहिली परीक्षा झाली. एलएलबी झालं, राज्याच्या बार कौन्सिलकडे नोंदणी झाली, सनद हातात आली, तरी ती तात्पुरती असते. दोन वर्षांत एआयबीई पास व्हायचं, तेव्हा कुठे वकिली करण्याचं प्रमाणपत्र मिळतं. बार कौन्सिलला अशी परीक्षा घेण्याचा अधिकार आहे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्या. संजय किशन कौल यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, ज्यात आपले न्या. अभय ओकही होते, १० फेब्रुवारी २०२३ला ‘आहे’ असं उत्तर दिलं. त्याच वर्षी, अठराव्या परीक्षेपासून, उत्तीर्ण होण्याची रेषा खुल्या आणि इतर मागास प्रवर्गासाठी ४०वरून ४५ टक्क्यांवर गेली. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांसाठी ती ३५वरून ४० झाली. पुस्तकं उघडून परीक्षा देण्याची सोय त्याआधीच गेली होती. आता सोबत नेता येतो तो फक्त कोरा बेअर अ‍ॅक्ट, टीपा नसलेला.

जुन्नर आणि घोडेगावच्या कोर्टांत अशी तात्पुरत्या सनदेची मुलं-मुली दरवर्षी दिसतात. सकाळी सीनियरच्या फायली घेऊन बोर्ड बघायचा, दुपारभर तारखा घ्यायच्या, संध्याकाळी नारायणगाव किंवा मंचरच्या एसटीत बसून मोबाइलवर सराव प्रश्न सोडवायचे. परीक्षेचं केंद्र पुण्यासारख्या शहरात. बार रूममध्ये चहाबरोबर सराव परीक्षेबद्दल एकच विचारपूस चालते: ‘मॉकला किती पडतात?’ कुणी ५२ सांगतं, कुणी ६१, कुणी नुसतंच ‘जमतंय’ म्हणतं. या आकड्यांवरून कुणी निर्धास्त होतं, कुणाची झोप उडते. पण ५२ गुण म्हणजे नेमकं काय, हे विचारायला गेलं की आपण गणिताच्या एका अतिशय देखण्या प्रदेशात जाऊन पोचतो.

शंभर प्रश्नांची आणेवारी

पहिली गोष्ट अशी की सराव परीक्षा तुमची तयारी मोजत नाही. मोजणं शक्यच नाही. कायद्यातून विचारता येतील असे प्रश्न हजारोंनी आहेत. त्यातले शंभर उचलून तुमच्यापुढे ठेवतात आणि त्यावरून बाकीच्यांचा अदमास बांधतात. आपल्याकडे गावाची पैसेवारी, म्हणजे जुनी आणेवारी, अशीच ठरते. शिवारातलं प्रत्येक वावर कुणी कापून पाहत नाही. निवडलेल्या प्लॉटवर पीक कापणी प्रयोग होतो आणि त्यावरून अख्ख्या गावाचं पीक किती आलं ते लिहिलं जातं. प्लॉट चांगला लागला तर आणेवारी वर, खडकाळ लागला तर खाली. शिवार तेच असतं.

तसंच तुमचं. कालपासून आजपर्यंत अभ्यासात काहीही बदल झाला नसला तरी कालच्या पेपरात ५० आणि आजच्यात ४५ पडू शकतात. हा चढउतार किती असू शकतो, हे फ्रान्समधून परागंदा होऊन लंडनला राहिलेल्या अब्राहम द म्वाव्र या गणितज्ञाने १७३३मध्ये शोधून काढलं. त्याचं सूत्र मॅट्रिकच्या मुलालाही वापरता येईल. ज्याची खरी तयारी निम्म्याची आहे, म्हणजे ज्याला पुरेसे प्रश्न दिले तर शेवटी ५० टक्के बरोबर येतील, त्याला २५ प्रश्नांच्या चाचणीत साधारण १० टक्के इकडेतिकडे होणार. १०० प्रश्नांच्या चाचणीत ५ टक्के. ४०० प्रश्नांत अडीच.

आकडे पुन्हा पाहा. २५, १००, ४००: प्रश्न दर वेळी चौपट. १०, ५, अडीच: डळमळ दर वेळी निम्मी. अनिश्चितता निम्मी करायची तर श्रम दुप्पट करून भागत नाही, चौपट करावे लागतात. निसर्गाने लावलेला हा दर आहे आणि त्यात कुणालाही सवलत नाही.

आता एसटीत सोडवलेल्या दहा प्रश्नांच्या चाचणीकडे वळू. दहापैकी सात आले, पडद्यावर ‘७०%’ झळकलं. मात्र ज्याची तयारी निम्म्याचीच आहे, त्यालाही दहात सात किंवा अधिक येण्याची शक्यता शंभरात १७ असते. रोज अशी एक चाचणी दिली तर सरासरी आठवड्यातून एखादा दिवस ‘सत्तर टक्के’चा उगवतो, आणि स्क्रीनशॉट नेमका त्याच दिवशीचा काढला जातो.

खोडदची खरखर

याच नियमावर जगातली एक मोठी दुर्बीण चालते आणि ती जुन्नर तालुक्यातच आहे. नारायणगावपासून जवळ, खोडदच्या रानात, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची जीएमआरटी उभी आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेली. ३० अँटेना, आणि प्रत्येकीचा व्यास योगायोगाने ४५ मीटर. चौदा मध्यभागी साधारण एक किलोमीटरच्या चौकात दाटीने, उरलेल्या सोळा इंग्रजी ‘वाय’सारख्या तीन फाट्यांवर दूरवर गेलेल्या. पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात मिळून ती एक दुर्बीण होते.

दूरच्या दीर्घिकेतून येणारी रेडिओ लहर इतकी क्षीण असते की यंत्राच्या स्वतःच्या विद्युत खरखरीपुढे तिचा पत्ताही लागत नाही. मग शास्त्रज्ञ करतात काय? त्याच दिशेला तासन्‌तास रोखून बसतात आणि आलेलं सगळं साठवून सरासरी काढतात. खरखर कधी वर कधी खाली असते, ती एकमेकीला खाऊन टाकते. दीर्घिकेचा संदेश मात्र दर क्षणी तोच असतो, तो साचत जातो. चौपट वेळ पाहिलं की खरखर निम्मी होते. द म्वाव्रचंच वर्गमूळ! सराव परीक्षेतल्या नशिबाला आणि अँटेनातल्या खरखरीला गणित एकाच नजरेने पाहतं. म्हणून खोडदचा खगोलशास्त्रज्ञ एका क्षणाच्या नोंदीवर विश्वास ठेवत नाही, आणि घोडेगावच्या ज्युनिअर वकिलानेही एका मॉकवर ठेवू नये.

मग ठेवायचा कशावर? पूर्ण शंभर प्रश्नांच्या, आधी न पाहिलेल्या, वेळ लावून सोडवलेल्या पाच पेपरांची सरासरी काढा. खरी परीक्षा त्याच काठिण्याची असेल असं धरलं, तर ४५च्या रेषेखाली घसरण्याची शक्यता ढोबळमानाने अशी येते. सरासरी ४५ असेल तर शंभरात ५०, अगदी छापा-काटा. सरासरी ५० असेल तर शंभरात १८. सरासरी ५५ असेल तर शंभरात ३ किंवा ४. सरासरी ६० असेल तर शंभरात एकाहूनही कमी.

हा उतार डोळे उघडवणारा आहे. पंचेचाळीसहून पंचावन्नला जाताना गुण वाढतात दहाच, धोका मात्र पन्नासातून तीन-चारवर येतो. तिथून पुढे साठपर्यंतचे पाच गुण म्हणजे विमा. तो कशाचा? खरा पेपर सरावापेक्षा पाच गुणांनी अवघड निघाला तर पंचावन्नचे पन्नासच उरतात आणि धोका पुन्हा अठरावर जातो. साठवाला अशा दिवशीही पंचावन्नवर उभा असतो. ज्यांची रेषा ४०ची आहे त्यांनी हे सगळे आकडे पाचाने खाली आणून वाचावेत.

या हिशेबातून आणखी दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही जरा बोचऱ्या आहेत. एक म्हणजे, पाच पेपर देऊन त्यातला सर्वांत चांगला गुण सांगायची आपली सवय. खरी तयारी ४५ची असणाऱ्याचाही पाचातला उत्तम पेपर सरासरीने ५१च्या आसपास असतो. बार रूममध्ये ऐकू येणारे आकडे बहुधा याच जातीचे असतात. दुसरी, प्रगतीचा भास. दोन पेपरांच्या गुणांत सात-आठांचा फरक तर नुसत्या डळमळीनेही पडतो. गेल्या रविवारी ४६, या रविवारी ५३, म्हणून नवीन क्लास लागू पडला असं म्हणता येत नाही. आणि उलट झालं म्हणून खचण्याचंही कारण नाही. दोन्ही पेपरांत नशिबाने आपला वाटा घेतला.

नशिबाच्या मर्यादेबद्दलही बोलायला हवं, नाहीतर कुणी म्हणेल, मग अभ्यास कशाला? शंभरच्या शंभर प्रश्न डोळे मिटून सोडवले तर सरासरी २५ पडतात. तसे सोडवून ४५ गाठणारा लाखात जेमतेम एक निघेल. नशीब हा वकिलाचा मदतनीस आहे, वकील नव्हे. आधी २७ प्रश्न तुमचे असावे लागतात, तेव्हा ते अठरांची भर घालतं. आणि निर्धास्त व्हायचं, म्हणजे उरलेल्या प्रश्नांत नशीब बऱ्यापैकी फिरलं तरी तरायचं, तर हा आकडा २७वरून साधारण ३६वर जातो. अवघे नऊ प्रश्न अधिक! काठावरचा आणि निवांत यांच्यातलं अंतर एवढंच आहे.

स्वतःचा खरा आकडा काढायची रीत जुनी आणि सोपी. बरोबर आलेल्यांतून चुकलेल्यांचा एक तृतीयांश वजा करा. ६० बरोबर, ४० चूक: साठातून तेरा गेले, उरले सत्तेचाळीस. चार पर्यायांच्या पेपरात ६० गुण मिळवणाऱ्याला सुमारे ४७ प्रश्न येतात. एकही गोल रिकामा न सोडता पेपर सोडवला असेल तरच ही रीत लागू पडते. रिकामा सोडायचाही नाही. वीस प्रश्न कोरे सोडले की सरासरी पाच गुण स्वतःच्या हाताने टाकून दिले.

कोणत्या वावरातले शंभर?

आतापर्यंत आपण धरून चाललो की सरावाचे शंभर आणि परीक्षेचे शंभर एकाच शिवारातले आहेत. इथंच मोठी फसगत होते.

एआयबीईच्या अभ्यासक्रमात एकोणीस विषय आहेत आणि प्रत्येकाचे गुण ठरलेले आहेत. संविधान १०, दिवाणी प्रक्रिया १०, फौजदारी प्रक्रिया म्हणजे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १०, न्याय संहिता ८, साक्ष ८. या पाचांचीच बेरीज ४६ होते, उत्तीर्णाच्या रेषेहून एक जास्त. त्यावर कौटुंबिक कायदा ८ आणि करार, मालमत्ता वगैरे मिळून ८. झाले ६२. उरलेले ३८ गुण बारा लहान विषयांत चिल्लरीसारखे विखुरलेले आहेत: अपकृत्ये, मोटार वाहन व ग्राहक संरक्षण ५, व्यावसायिक नीती ४, कामगार ४, कर ४, लवाद ४, जनहित याचिका ४, प्रशासकीय कायदा ३, आणि कंपनी, पर्यावरण, सायबर, भूसंपादन, बौद्धिक संपदा प्रत्येकी २.

समजा, घोडेगावला फौजदारी कामात मुरणारी एक ज्युनिअर आहे. रिमांड, जामीन, सरतपासणी-उलटतपासणी रोज कानावर पडते. साहजिकच ती सरावाला हेच विषय घेते. मोबाइल तिला एकूण सरासरी ६५ दाखवतो. आता विषयवार मांडू. फौजदारीच्या तीन विषयांत, २६ गुणांत, ती ७० टक्क्यांवर आहे: १८ गुण. दिवाणी प्रक्रियेत आणि कौटुंबिक कायद्यात ६० टक्के: ६ आणि ५. करार-मालमत्तेत ५० टक्के: ४. संविधानात ४५ टक्के: साडेचार. लहान बारा विषयांत ३० टक्के: अकरा-साडेअकरा. बेरीज येते ४९. मोबाइलच्या ६५ची ही खरी किंमत. मघाच्या हिशेबात बसवलं तर पाचात एखाद्या वेळी नापास होण्याइतकी.

तिची गळती कुठे आहे तेही याच मांडणीत दिसतं. चार पर्यायांच्या प्रश्नांत ३० टक्के म्हणजे डोळे मिटून मिळणाऱ्या २५च्या अगदी शेजारी. त्या ३८ गुणांत तिला जवळजवळ काहीच येत नाही. आणि गंमत अशी की त्यातले कितीतरी विषय तिने डोळ्यांनी पाहिलेले आहेत. डिंभे धरणाच्या पाण्याखाली मूळ आंबेगाव गेलं, तालुक्याला नाव उरलं आणि कचेऱ्या घोडेगावला राहिल्या: भूसंपादन आणि पुनर्वसन म्हणजे काय हे इथल्या घराघरांत ठाऊक आहे. उसातला बिबट्या आणि माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र, भीमाशंकरचं अभयारण्य, हा पर्यावरणाचा कायदा. पुणे-नाशिक महामार्गावरच्या अपघातांचे दावे, हा मोटार वाहनांचा. तोंडओळख भरपूर आहे, कलमांची ओळख करून घ्यायची तेवढी राहिली आहे. हे ३० टक्के ४५वर नेले तरी जवळपास सहा गुण वाढतात आणि ती ४९वरून पंचावन्नला पोचते. फौजदारीत तेवढेच सहा गुण वाढवायचे तर सत्तरचे त्र्याण्णव टक्के करावे लागतील.

जुना पेपर, नवी कलमं

दुसरी फसगत काळाची. १ जुलै २०२४ला तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले. भारतीय दंड संहितेच्या ५११ कलमांच्या जागी न्याय संहितेची ३५८ आली. खून ३०२वरून १०३वर गेला. आता ३०२ उघडाल तर तिथे धार्मिक भावना दुखावण्याचा उद्देश ठेवून शब्द उच्चारण्याचा गुन्हा सापडेल. ४२० तर कुठेच नाही, कलमं ३५८ला संपतात. फसवणुकीसाठी ३१८(४) पाहायचं.

पण सर्वांत मजेदार खेळ प्रक्रियेच्या कायद्यात झाला आहे. हा एक प्रश्न घ्या: ‘उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार कोणत्या कलमाने अबाधित ठेवले आहेत?’ पर्याय: ४३८, ४८२, ५२८, ५३१. जुन्या प्रश्नसंचावर तयार झालेला हात थेट ४८२वर जातो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते बरोबरच होतं. नव्या संहितेत मात्र अंगभूत अधिकार ५२८मध्ये आहेत, ४८२मध्ये अटकपूर्व जामीन येऊन बसला आहे, आणि अटकपूर्व जामिनाच्या जुन्या ४३८मध्ये आता पुनरीक्षणासाठी कागदपत्रं मागवण्याचा अधिकार आहे. म्हणजे हे दोन्ही चुकीचे पर्याय खरी, जिवंत कलमं आहेत. जुन्या संचावर ऐंशी टक्के मिळवणारा इथे जितका जास्त पाठ करून आला असेल तितका खात्रीने चुकेल. फौजदारी विषयांचे २६ गुण पाहता, २०२४च्या आधीच्या प्रश्नपत्रिकेवरची बेरीज आजच्या तयारीचा पुरावा म्हणून दाखल करून घेता येणार नाही.

वेळेचंही तसंच. परीक्षेत एका प्रश्नाला साधारण दोन मिनिटं मिळतात. बेअर अ‍ॅक्ट जवळ असतो म्हणून निश्चिंत राहणाऱ्याने एक कलम शोधायला स्वतःला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहावं. सोफ्यावर बसून, मध्ये फोन घेत, उत्तरं पाहत सोडवलेला पेपर ही वेगळीच परीक्षा आहे. तिचे गुण या परीक्षेच्या खात्यात जमा होत नाहीत.

मोजता मोजता वाढणारी गोष्ट

आणि आता या सगळ्यातलं खरं आश्चर्य. खोडदच्या दुर्बिणीने कितीही तास पाहिलं तरी दीर्घिका तिळभरही उजळत नाही. सराव परीक्षेत मात्र मोजण्यानेच मोजायची वस्तू वाढते.

अमेरिकेतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. मग काहींना तो पुन्हा वाचायला सांगितला आणि काहींना पुस्तक मिटून आठवेल ते लिहायला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा पारडं उलटलं. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. स्मरणाला ताण देणं हेच स्मरण बळकट करणं आहे, आणि त्याचा फायदा त्या दिवशी दिसत नाही, पुढे दिसतो. पुन्हापुन्हा वाचून ‘सगळं येतंय’ वाटतं त्या संध्याकाळी तयारी सर्वांत फसवी असते.

यातूनच एक अडचणही उभी राहते. तोच संच दुसऱ्यांदा सोडवला की गुण वाढतात, पण त्यात कायदा किती आला आणि ‘याचं उत्तर क होतं’ ही आठवण किती, हे वेगळं काढता येत नाही. म्हणून शहाण्याने प्रश्नांच्या दोन चळती ठेवाव्यात. एक शिकण्यासाठी: हवी तेवढी वापरा, चुका, उत्तरं वाचा, परत सोडवा, त्यातल्या गुणांकडे बघूही नका. दुसरी मोजण्यासाठी: तिला एरवी हात लावायचा नाही. आठवड्यातून एकदा तिच्यातला एक कोरा पेपर काढायचा, घड्याळ लावायचं, परीक्षेइतकाच वेळ बसायचं आणि आकडा वहीत लिहायचा. बार रूममध्ये चारपाच जण एकाच वर्षी परीक्षेला बसणार असतील तर प्रत्येकाने दुसऱ्यांसाठी नव्या कायद्यांवर, विषयांचं प्रमाण सांभाळून, एकेक पेपर काढावा. प्रत्येकाला तीन-चार कोरे पेपर आयते मिळतात, आणि प्रश्न काढणाऱ्याला त्या विषयाचा अभ्यास वेगळा करायला नको.

तीन रकाने

शेवटचं हत्यार सर्वांत स्वस्त आहे. मोजणीचा पेपर सोडवताना प्रत्येक उत्तरापुढे एक अक्षर लिहायचं. ‘प’ म्हणजे पक्कं. ‘ब’ म्हणजे बहुधा. ‘अं’ म्हणजे अंदाजपंचे. तपासताना तिन्हींची बेरीज वेगळी करायची.

दोन उमेदवार घेऊ, दोघांनाही ५९ गुण. पहिलीचे ३८ ‘पक्के’, त्यातले ३५ बरोबर. ३० ‘बहुधा’, त्यातले १६ बरोबर. ३२ ‘अंदाज’, त्यातले ८ बरोबर. दुसऱ्याचे ६० ‘पक्के’, त्यातले ४२ बरोबर. २५ ‘बहुधा’, त्यातले १२. १५ ‘अंदाज’, त्यातले ५. गुणपत्रिकेत दोघं जुळे भाऊबहीण. पण पहिलीला आपलं अज्ञान कुठे आहे ते अचूक माहीत आहे. ३२ अंदाजांत आठ, म्हणजे अगदी नियमाप्रमाणे चारात एक. काय वाचायचं ते तिला कळलं आहे. दुसऱ्याच्या खात्रीच्या साठांपैकी अठरा चुकीचे आहेत आणि ते तो कधीच पुन्हा वाचणार नाही, कारण ते त्याला ‘येतात’. पहिली पंधरा दिवसांत पुढे जाईल. दुसरा तिथेच घुटमळेल, आणि रोज दहा तास अभ्यास करूनही गुण का वाढत नाहीत म्हणून चिडेल.

स्वतःच्या खात्रीची अशी तपासणी मूळची हवामानशास्त्रातली. अमेरिकेच्या हवामान खात्यातल्या ग्लेन ब्रायर यांनी १९५०मध्ये अंदाज तपासण्याचं एक मोजमाप सुचवलं, ते आजही त्यांच्या नावाने चालतं. त्यामागचा साधा प्रश्न असा: ज्या ज्या दिवशी तुम्ही ‘पावसाची शक्यता सत्तर टक्के’ म्हणालात, त्या दिवसांपैकी सत्तर टक्के दिवशी खरंच पाऊस पडला का? पडला असेल तर तुमच्या शब्दाला वजन आहे.

वकिलाच्या शब्दालाही हेच माप लागतं. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांचा हुकूमनामा विरोधात गेला आणि पक्षकाराने विचारलं, ‘साहेब, अपिलाला किती दिवस आहेत?’ जिल्हा न्यायालयात अपील करायला मुदत ३० दिवसांची आहे. नव्वद दिवस असतात ते उच्च न्यायालयाला. ज्याला हे माहीत नाही तो पुस्तक उघडून सांगतो आणि पक्षकाराचं काही बिघडत नाही. ज्याला ‘नव्वद’ हे पक्कं ठाऊक आहे, त्याच्यामुळे दोन महिन्यांनी विलंब माफीचा अर्ज करावा लागतो. परीक्षेत दोघांचाही एकच गुण जातो. कोर्टात एकाचा थोडा वेळ जातो आणि दुसऱ्याच्या पक्षकाराची जमीन.

एआयबीईची ४५ची रेषा या दोघांत फरक करत नाही. तशी तिची रचनाच नाही. तो फरक करणारी परीक्षा तुम्हालाच घ्यावी लागते, घरी, पेन्सिलीने, तीन रकान्यांत. ती सवय एकदा लागली की सनद पक्की झाल्यावरही सुटत नाही. मग न्यायाधीशांनी एखादा मुद्दा विचारला की उत्तर ओठांवर येण्याआधी ते कोणत्या रकान्यातलं आहे हे मनात उमटतं, आणि ‘ब’मधलं असेल तर जुन्नरच्या काय किंवा मुंबईच्या काय, कुठल्याही कोर्टात निःसंकोच म्हणता येतं: ‘तपासून सांगतो, साहेब. दुपारच्या सत्रापर्यंत वेळ द्यावा.’